एका पेनड्राइव्हमध्ये मावलेलं नेटवर्क

लेख लांबलाय, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय ज्यांनी इंजिनिअरिंगला शिकला, त्यांना ती सात थरांची आकृती आठवत असेल. उतरंडीसारखी एकावर एक रचलेली सात मडकी. परीक्षेत हमखास येणारी. ती पाठ करून, मार्क घेऊन, पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि चार वर्षांत एकदाही राउटरच्या आत डोकावून न बघितलेले इंजिनिअर मी ढिगाने पाहिलेत. दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी डोकावू दिलंच नव्हतं.

मी बरीच वर्षं नेटवर्किंगच्या कार्यशाळा घेतोय. पुण्यात घेतल्या, तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांतही घेतल्या. सगळीकडे पहिले दीड-दोन तास एकाच कामात जातात: मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्सची व्हर्च्युअल मशीन उभी करणं. आम्ही तिला सरळ व्हीएम म्हणतो. विंडोज चालू असलेल्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडते, त्या खिडकीत दुसरा अख्खा कॉम्प्युटर सुरू होतो, त्यात लिनक्स असतं आणि त्या लिनक्सच्या पोटात पाच-सहा कॉम्प्युटर आणि दोन-तीन स्विच असलेलं एक छोटं नेटवर्क. यंत्रं सगळी खोटी, पण त्यातून धावणारं पॅकेट खरं. खऱ्या नेटवर्कवर त्याचे बाइट जसे दिसले असते तसेच इथेही दिसतात.

मुलांना हे दोन तास म्हणजे कटकट वाटते. "सर, डायरेक्ट सॉफ्टवेअर इन्स्टॉल नाही का करता येत?" हा प्रश्न दर वेळी येतो. त्याचं उत्तर देताना मला जवळजवळ साठ वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथून परत येईपर्यंत गोष्ट तंत्रज्ञानाची राहत नाही. चालत्या यंत्राला हात लावायची, ते मोडून बघायची परवानगी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, याची ती गोष्ट होते. म्हणून ती इथे लिहितोय.

सुरुवात नेटवर्कपासून होत नाही. १९६०च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे हॉल भरेल एवढं यंत्र. एका संस्थेत एक, आणि त्याच्या वेळेचा मिनिटामिनिटाचा हिशोब. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज इथे आयबीएमचं एक संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने सीपी-४० नावाची प्रणाली बनवली. १९६७ मध्ये ती वापरात आली. तिची करामत अशी की प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं, हे अख्खं यंत्र माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे. पुढे सीपी-६७ आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० अधिकृतपणे जाहीर केली. 'व्हीएम' ही दोन अक्षरं इतकी जुनी आहेत.

याचा एक मोठा उपयोग कोणाला झाला, तर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांना. नवी आवृत्ती खोट्या यंत्रावर चढवायची आणि चालवून बघायची. कोसळली तर आपल्यापुरती कोसळली. त्याच यंत्रावर शेजारी कोणाचा पगाराचा हिशोब चालू असेल तर तो बिनघोर चालूच. दुसऱ्याचं काम न मोडता आपलं यंत्र मोडायची सोय! माझ्या मते व्हीएमचं खरं मोल आजही हेच आहे.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक निबंध लिहून, कुठल्या प्रोसेसरवर असं खोटं यंत्र नीट उभं राहील याचे निकष मांडले. मुख्य अट साधी आहे. व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरात आलेला पाहुणा. त्याला वाटू द्यायचं की घर त्याचंच आहे. पण त्याने तिजोरीला, मीटरला हात लावला की मालकाला लगेच कळलं पाहिजे. म्हणजे मग मालक त्याला खोटी तिजोरी दाखवून वेळ मारून नेईल.

आपल्या घराघरांत जो प्रोसेसर आला तो इंटेलचा एक्स८६, आणि तो नेमका या अटीत नापास. २००० साली पेंटियमचा अभ्यास करून दोन संशोधकांनी १७ सूचना मोजून दाखवल्या, ज्या पाहुणा वापरतो आणि मालकाला पत्ताच लागत नाही. म्हणजे मेनफ्रेमवाल्यांकडे १९७२ पासून असलेली सोय टेबलावरच्या पीसीला नियमाने मिळणारच नव्हती. ती जुगाडाने मिळाली. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली. डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे सहकारी. पाहुण्याचा कोड चालता चालता वाचायचा आणि त्यातल्या अडचणीच्या सूचना तिथल्या तिथे बदलून टाकायच्या, ही त्यांची युक्ती. १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन बाजारात आलं, तेव्हा लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

त्यानंतरचं भराभर सांगतो. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं. २००५ च्या शेवटी इंटेलने व्हीटी-एक्स आणलं, म्हणजे प्रोसेसरमध्येच ही सोय घातली. पुढच्या वर्षी एएमडीने तेच केलं. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम आलं. त्याच वर्षी इनोटेक नावाच्या एका जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स मुक्त परवान्याखाली खुलं केलं. ती कंपनी २००८ मध्ये सनने घेतली, सनला २०१० मध्ये ओरॅकलने गिळलं. व्हर्च्युअलबॉक्स मात्र फुकट राहिलं, आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर पोचलं ते हेच.

आता दुसरा धागा, नेटवर्कचा.

आपल्याकडे नेटवर्क आलं तेव्हा ते हातांनीच शिकलं गेलं. १९८६ मध्ये एर्नेट सुरू झालं. मुंबईतलं जुहूचं एनसीएसटी, आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा मोजक्या ठिकाणच्या मंडळींनी मोडेम जोडून, सॉफ्टवेअरमध्ये हात घालून ते चालवलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर नेटवर्क सगळीकडे झालं आणि त्याच वेगाने बंद डब्यात गेलं. राउटर विकत घ्यायचा म्हणजे एकाच कंपनीचं यंत्र, तिचीच ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिने ठरवलेल्या सोयी. आज्ञा द्यायच्या, पण आतला निर्णय कसा होतो ते बघायचं नाही, बदलायचं तर नाहीच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत याचं रूप असं: एक राउटर, तो कपाटात, कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटकडे, आणि तपासणी समिती आली की कपाट उघडणार. मी अतिशयोक्ती करत नाहीये. एका कॉलेजात राउटरवरचं प्लास्टिक सहा वर्षांनीसुद्धा काढलेलं नव्हतं. खराब होईल म्हणून. आणि त्यांचंही खोटं नव्हतं. साठ मुलं, एक राउटर, पुन्हा ग्रँट कधी येईल ठाऊक नाही. कोण हात लावू देईल?

मग पोरांनी वाटा शोधल्या. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर होता. आज्ञा पाठ करायला चांगला, सर्टिफिकेटच्या परीक्षेला उत्तम, पण तो नेटवर्कचं चित्र दाखवतो. आतला स्विच आपण बदलू शकत नाही. २००५ च्या सुमारास ख्रिस्तोफ फियो या फ्रेंच माणसाने डायनामिप्स लिहिलं, ज्यात सिस्कोच्या राउटरचं खरं सॉफ्टवेअर पीसीवर चालायचं. त्यावर जीएनएस३ उभं राहिलं. उत्तम साधन, पण सिस्कोच्या सॉफ्टवेअरची प्रत आणायची कुठून? हा प्रश्न क्लासमध्ये सगळे हळू आवाजात विचारायचे, आणि उत्तर त्याहून हळू आवाजात मिळायचं. अख्खी एक पिढी कॉपीराइट मोडत नेटवर्किंग शिकली, हे आपण मोकळेपणाने बोलत नाही.

गंमत अशी की बंद डब्याचा त्रास फक्त तालुक्याच्या कॉलेजला नव्हता. स्टॅनफर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन यांनाही होता. नवी कल्पना सुचली तर ती चालत्या नेटवर्कवर तपासायची कुठे? कंपनी डबा उघडून देत नाही, आणि विद्यापीठाचं नेटवर्क बंद पाडायची मुभा कोणाला नसते. २००८ मध्ये 'ओपनफ्लो' नावाचा एक छोटा निबंध आठ जणांनी लिहिला. निक मॅकिओन त्यातले पहिले. बाकीच्यांत स्कॉट शेंकर, जेनिफर रेक्सफर्ड, हरी बालकृष्णन, आणि गुरू परुळकर. (हे आडनाव वाचून मराठी माणसाची मान आपोआप वळते, माझीही वळली.)

त्यांची मागणी माफक होती. डबा अख्खा उघडू नका, तुमची गुपितं तुमच्याकडे ठेवा. पण प्रत्येक स्विचमध्ये एक तक्ता असतोच: असं पॅकेट आलं तर तिकडे पाठव, तसं आलं तर टाकून दे. तेवढा तक्ता बाहेरून लिहायची परवानगी द्या. मग निर्णय घेणारा मेंदू स्विचच्या बाहेर, साध्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये ठेवता येईल. त्याला कंट्रोलर म्हणायचं. 'सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग' म्हणून पुढे ज्याचा गाजावाजा झाला, त्याचं बीज हे. याच मंडळींतल्या काहींनी निसिरा नावाची कंपनी काढली होती. २०१२ मध्ये ती सुमारे १२६ कोटी डॉलरला विकली गेली. घेणारी कंपनी कोणती? व्हीएमवेअर. दोन्ही धागे बाजारात असे एकत्र आले.

पण ते शिकवण्यात त्याआधीच एकत्र आले होते, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे. ओपनफ्लो लोकांना समजावून सांगायचं तर कार्यशाळा घ्यायची. तिथे येणाऱ्या प्रत्येकापुढे स्विच ठेवणार कुठून? प्रत्येक स्विचसाठी लॅपटॉपवर एकेक व्हीएम चालवली तर चार-पाचांतच लॅपटॉप गुदमरतो. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि मॅकिओन यांनी २०१० मध्ये याचं उत्तर दिलं: मिनिनेट. निबंधाच्या नावातच होतं, लॅपटॉपमधलं नेटवर्क.

मिनिनेटने नवं फारसं काही शोधलं नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००८ पासून 'नेटवर्क नेमस्पेस' नावाची सोय येत गेली होती, ती त्यांनी नीट वापरली. ही सोय समजायला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. एक दिंडी दरवाजा, मधोमध एक आड, आत दहा बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, दारावरची पाटी वेगळी. दोन बिऱ्हाडांत दोन दिनू असले तरी कोणाचा गोंधळ होत नाही. कर्नल हा सामाईक आड. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं नेटवर्क कार्ड, स्वतःचा पत्ता, स्वतःचा राउटिंगचा तक्ता. दोन बिऱ्हाडं जोडायला एक खोटी वायर, जिच्या या टोकात टाकलेलं पॅकेट त्या टोकातून बाहेर पडतं. व्हीएम म्हणजे प्रत्येकाला वेगळा बंगला, हा वाडा. म्हणून साध्या लॅपटॉपवरसुद्धा शेकडो बिऱ्हाडं मावतात.

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. वाडा लिनक्सच्याच जमिनीवर बांधता येतो, कारण ही सोय लिनक्स कर्नलची आहे. मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज किंवा मॅक. शिवाय मिनिनेट चालवायला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मालकाचे, सगळे अधिकार लागतात; ते रोजच्या वापराच्या यंत्रावर देणं धोक्याचं. म्हणून आधी व्हीएमचा एक बंगला, त्यात लिनक्सची जमीन, त्यावर वाडा. बंगला पडला तर पडू दे. आधी स्नॅपशॉट घेऊन ठेवला असेल तर दोन मिनिटांत पूर्वीसारखा.

मिनिनेटवाल्यांनी त्याहून शहाणपणाची एक गोष्ट केली. सगळं आधीच बसवलेली उबंटूची तयार व्हीएम त्यांनी फुकट वाटायला ठेवली. फाइल उतरवायची, व्हर्च्युअलबॉक्समध्ये इम्पोर्ट करायची, सुरू करायची. नाव मिनिनेट, पासवर्ड मिनिनेट. संपलं.

संपलं म्हणतो, पण खरा धडा इथेच सुरू होतो. व्हीएमला नेटवर्क कार्डं दोन द्यायची असतात. पहिलं नॅटचं, त्यातून व्हीएमला बाहेरचं इंटरनेट मिळतं. तिचा पत्ता बहुतेक वेळा १०.०.२.१५. पण बाहेरून तिच्याकडे सरळ जाता येत नाही. म्हणून दुसरं 'होस्ट-ओन्ली', फक्त लॅपटॉप आणि व्हीएम यांच्यातली खासगी गल्ली. तिचे पत्ते १९२.१६८.५६ ने सुरू होतात. हे दुसरं कार्ड पुष्कळदा झोपलेलं असतं, त्याला हाताने उठवून पत्ता मागायला लावावा लागतो. मग विंडोजमधून एसएसएचने आत शिरायचं. मी हे मुद्दाम सावकाश करून घेतो. नॅट म्हणजे काय यावर ज्याने पानभर उत्तर लिहिलेलं असतं, त्याला इथे पहिल्यांदा कळतं की स्वतःच्या घरी मोबाइलसमोर आणि वायफायच्या डब्यासमोर तो रोज याच्याच मागे बसलेला आहे. आणि मिनिनेटच्या आतल्या यंत्रांचे पत्ते बघितले की कोणीतरी विचारतंच: "सर, आत १०.०.०.१ आणि बाहेर १०.०.२.१५, मारामारी नाही होत?" वाड्याचं उदाहरण तेव्हा कामी येतं. दोन दिनू.

मग तो प्रसिद्ध स्वाध्याय. ओपनफ्लोच्या मूळ कार्यशाळेतला, अजून जगभर करून घेतला जातो. सुरुवातीला दिलेला कंट्रोलर मठ्ठ असतो: कुठलंही पॅकेट आलं की सगळ्या दारांतून बाहेर पाठवतो. हब. तुम्ही त्याला शिकणारा स्विच बनवायचं. गावात नवा पोस्टमन आला, त्याला घरं माहीत नाहीत. पहिल्या दिवशी तो चौकात उभा राहून सगळीकडे हाक मारतो. पण प्रत्येक पत्र कुठल्या गल्लीतून आलं आणि पाठवणारा कोण, हे वहीत लिहून घेतो. पुढच्या वेळी त्या माणसासाठी पत्र आलं की सरळ त्याच गल्लीत. पायथनमध्ये हे वीसेक ओळींत बसतं.

त्या ओळी लिहिल्या की पिंग करून बघायचं. पहिल्या पिंगला वेळ लागतो, कारण पॅकेट कंट्रोलरला विचारायला जातं. दुसऱ्यापासून वेळ एकदम खाली येतो, कारण नियम आता स्विचच्या तक्त्यात बसला. पडद्यावर फक्त आकडे असतात, पण वर्गात त्या क्षणी जो आवाज होतो तो कुठल्याही व्याख्यानाला होत नाही. स्विच कसा विचार करतो, ते त्या पोरीने स्वतः ठरवलेलं असतं. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे मागावी लागलेली नसते.

इथे एक मुद्दा तंत्राबाहेरचा आहे, आणि तो फार कमी लोक सांगतात. ही व्हीएमची फाइल मी पेनड्राइव्हवर घालून साठ मुलांना वाटू शकतो. कायद्याने. तिच्यात विंडोज असतं तर वाटता आली नसती, सिस्कोचं सॉफ्टवेअर असतं तर नाहीच. लिनक्सचा कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे, मिनिनेट बीएसडी पद्धतीच्या, त्यातला ओपन व्हीस्विच अपाचेच्या. अख्खी प्रयोगशाळा कॉपी-पेस्ट करून शेजाऱ्याला द्यायची मुभा या परवान्यांनी दिली. आयबीएमच्या काळापासूनचं सगळं तंत्र असतं आणि हे परवाने नसते, तर आजही आपण हळू आवाजातच प्रत मागत असतो. २०१३ मध्ये निक फीमस्टर यांनी कोर्सेरावर या विषयाचा खुला कोर्स घेतला, त्यालाही मिनिनेटचीच व्हीएम होती. इचलकरंजीतला मुलगा आणि अटलांटातला मुलगा यांच्या हातात एकच प्रयोगशाळा. असं आपल्या शिक्षणात किती वेळा झालंय?

आता कोणी म्हणेल, मग अडचण काय राहिली? राहिली ना. परवानगी नाकारायच्या जागा बदलल्या, एवढंच.

पहिली जागा बायोस. इंटेलने सोय २००५ मध्ये दिली, पण कित्येक कंपन्यांचे पीसी ती सोय बंद ठेवूनच विकले गेले, आणि काही स्वस्त प्रोसेसरांत इंटेलने ती ठेवलीच नव्हती. व्हीएम सुरू केली की कर्नल तक्रार करतो: मला ६४ बिटचा प्रोसेसर हवा, मला तर ३२ बिटचाच दिसतोय. मूल म्हणतं, माझा लॅपटॉप जुना आहे. तो जुना नसतो. बायोसमध्ये एक बटण बंद असतं. घरच्या लॅपटॉपवर ते सुरू करता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये बायोसला पासवर्ड. एका कॉलेजात तो पासवर्ड ज्या पुरवठादाराला माहीत होता त्याचा देखभालीचा करार संपलेला. चाळीस यंत्रं, प्रत्येकात ही सोय असलेला प्रोसेसर, आणि आम्ही दोन दिवस मुलांच्या सात लॅपटॉपांवर भागवलं.

दुसरी जागा विंडोज स्वतः. अलीकडच्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी त्यांचाच हायपरव्हायझर आतून चालू असतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट मिळत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यात एक हिरवं कासव येतं. खरंच कासव, विनोद नाही. म्हणजे व्हीएम चालेल, पण कासवाच्या गतीने. तिसरी जागा ॲपल. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच्या एआरएम चिपा आणल्या आणि एक्स८६ साठी बनवलेल्या सगळ्या तयार व्हीएम त्या नव्या मॅकवर निरुपयोगी झाल्या; शिकवणाऱ्यांना फाइली नव्याने बांधाव्या लागल्या. चौथी जागा मेमरी. ४ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझर उघडला की व्हीएमला उरतं काय?

आणि पाचवी, मालकी. व्हर्च्युअलबॉक्सचा गाभा मुक्त आहे, पण जोडीला येणारा एक्स्टेन्शन पॅक वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरालाच फुकट. कंपन्यांना परवाना घ्यावा लागतो. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली. तिचं वर्कस्टेशन २०२४ मध्ये फुकट झालं, हे चांगलंच, पण ते एका कंपनीच्या मर्जीने झालं. केव्हीएम आणि लिनक्सबद्दल असं म्हणावं लागत नाही.

याचं टोकाचं उदाहरण पी४. ओपनफ्लोच्या पुढची पायरी म्हणून २०१४ मध्ये ही भाषा आली. तिच्यात तुम्ही स्विचने पॅकेट वाचायचं कसं हेही लिहू शकता. तिच्यासाठी टोफिनो नावाची चिप बनवणारी कंपनी इंटेलने २०१९ मध्ये विकत घेतली आणि २०२३ च्या सुरुवातीला त्या चिपचा पुढचा विकास थांबवला. ज्यांनी लाखो रुपयांचे टोफिनो स्विच घेतले ते अडकले. पी४ च्या स्वाध्यायांची व्हीएम, तिच्यातला सॉफ्टवेअरचा स्विच, हे मात्र चालूच आहे. गेल्या महिन्यात मी तीच वापरली.

म्हणून कॉलेजांत 'अत्याधुनिक नेटवर्किंग लॅब'च्या निविदा निघतात तेव्हा मला प्रश्न पडतात. पैसा बहुतेक वेळा जनतेचाच असतो, थेट ग्रँटमधून नाहीतर फीमधून. त्यात बंद डबे किती आणि १६ जीबी मेमरीची साधी यंत्रं किती? यंत्र ताब्यात घेताना बायोसमध्ये ही सोय सुरू आहे का, हे कोणी तपासतं का? पासवर्ड कॉलेजच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतला जातो का? विद्यार्थ्याला निदान व्हीएमच्या आत रूट मिळेल, असं लॅबच्या नियमात लिहिलेलं असतं का? व्हीएमची फाइल एकदा उतरवून कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवली तर साठ मुलांचा डेटा वाचतो. किती ठिकाणी ठेवलेली असते? यातल्या एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही.

आणि भाषा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने, केंद्र सरकारच्या पैशातून, लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट उपलब्ध केलेत. फाइल कशी हलवायची, परवानग्या कशा बदलायच्या, सगळं. ज्यांना टर्मिनलच्या काळ्या पडद्याची भीती वाटते त्यांना मी आधी तेच ऐकायला सांगतो, आणि दोन दिवसांनी ती मुलं टर्मिनल उघडून बसलेली दिसतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा दोन कॉलेजांत कार्यशाळा आहे. दोन्हीकडे आधीच निरोप पाठवलाय: लॅबच्या यंत्रांच्या बायोसचा पासवर्ड शोधून ठेवा. एका ठिकाणाहून उत्तर आलंय, सापडला म्हणून. दुसऱ्या ठिकाणी अर्ज प्राचार्यांकडे गेलाय.